चिठ्ठी दिली म्हणजे तपासणी झाली का?

सुरगाणेकर:
‘नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या बायका फुकटच्या कर्करोग तपासणीलाही फिरकत नाहीत, हे अज्ञान आहे, मग सरकारला दोष कशाला?’ असे काल येथे एका सदस्याने लिहिले, म्हणून हे उत्तर. माझी मामी ऐन भाताच्या आवणीत मजुरी बुडवून शिबिराला गेली. गर्भाशयमुखाला पातळ अ‍ॅसेटिक आम्ल लावल्यावर पांढरा डाग उमटला आणि ‘पुढील तपासणीसाठी नाशिक’ एवढेच लिहिलेली चिठ्ठी तिच्या हाती पडली. कोणते रुग्णालय, कोणता वार, कोणाला भेटायचे, काही नाही. दिवाळीला गेलो तेव्हा ती चिठ्ठी नागलीच्या डब्यात घडी करून ठेवलेली होती.

कॉलेजरोडकर:
ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेत नाही. एका मामींवरून सिद्धान्त मांडू नये. महिलांना एसटीचे तिकीट २०२३ पासून अर्धे आहे. शिवाय पहाटे चुलीपुढे तंबाखूची मिश्री भाजायची आणि तोंडात चट्टा आला की व्यवस्थेच्या नावाने बोटे मोडायची, हे कसे?

सिडकोची लेक:
मिश्री केवळ पाड्यावर लावतात, हा शोध आपण कुठे लावलात? माझी आजी सिडकोत राहून सत्तरीपर्यंत लावत होती. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. तरी टपरीवर पानमसाल्याची आणि तंबाखूची पुडी शेजारी-शेजारी टांगलेली असते, आणि गिऱ्हाइकाने दोन्ही तळहातावर एकत्र केल्या की झाला गुटखा. ते विकणाऱ्यांना आणि घेणाऱ्यांना आपण अज्ञानी म्हणत नाही.

कॉलेजरोडकर:
माझ्या सख्ख्या भावाचा जबडा त्याच पुड्यांनी गेला, तेव्हा मला तंबाखू शिकवू नका. तो अभियंता होता, त्याला सगळे ठाऊक होते.

सुरगाणेकर:
वाईट वाटले, परंतु मग अज्ञानाचा मुद्दा आपणच खोडलात. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा रुग्णालयाने दहावी शिकलेल्या स्त्रियांना चार आठवडे प्रशिक्षण देऊन हीच आम्लाची तपासणी करविली आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू, तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत, ३१ टक्क्यांनी कमी भरले. डाग दिसलेल्या स्त्रीच्या पुढील उपचारांची सोय त्याच कामाचा भाग होती. येथे तिकीट अर्धे झाले, मजुरी मात्र पूर्ण बुडते.

कॉलेजरोडकर:
ठीक. चिठ्ठीवर रुग्णालय आणि वार लिहिण्याइतकी शाई सरकारने खर्चावी, एवढे मान्य. मिश्रीबद्दल माझे मत तेच. मामी गेल्या का शेवटी?

सुरगाणेकर:
भाऊबीजेनंतरच्या सोमवारी मी स्वतः घेऊन गेलो. खिडकीवर सांगण्यात आले की हा विभाग गुरुवारी असतो.