जुन्या प्यूजो सायकलचे सुटे भाग: ३५ × १ चा कप, ९ मिमी कॉटर वगैरे

ल्योंकर
१९७० च्या दशकातली प्यूजो आहे, स्टीलचा कॉटरवाला क्रँक (पेडलचा दांडा एक्सलवर कॉटर म्हणजे पाचरीने पक्का केलेला). बीबी (बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा एक्सल फिरतो ते बेअरिंग) उघडली तर डाव्या कपात, म्हणजे फ्रेममध्ये आट्यांनी बसणार्‍या वाटीत, छर्‍यांच्या वाटेवर खड्डे पडलेत. उजवा कप अजून फ्रेममध्येच आहे. दोन्ही कॉटर काढताना वाकल्या. स्टेमला (हँडल धरणार्‍या दांड्याला) चीर आहे आणि नवा आणलेला २२.२ मिमीचा स्टेम पुढच्या चाकाच्या चिमट्याच्या नळीत जातच नाही. मागचं डिरेलर (गिअर बदलणारा भाग) प्लास्टिकचं, वरच्या सांध्याला तडकलंय.
प्रश्न: (१) उजवा कप कुठल्या दिशेला सुटतो? (२) नाताळात पुण्याला जातोय, कॉटर तिथून आणल्या तर चालतील का? (३) बाकीचं इथे फ्रान्समध्ये कुठे शोधू?

आटेदार
दुसर्‍या प्रश्नाचं आधी सांगतो: नाही चालणार. आपल्याकडच्या सायकली इंग्लिश वळणाच्या, त्यांची कॉटर ९.५ मिमीची. फ्रेंच क्रँकचं भोक ९ मिमीचं. दुकानदार म्हणेल "भोक जरा मोठं करून देतो". करू देऊ नका. एक्सलवरची खाच ९ च्या हिशोबाने कापलेली असते. नुसतं क्रँकचं भोक वाढवलं की कॉटरचा उतार खाचेवर पूर्ण टेकत नाही आणि आठवडाभरात क्रँक खडखडायला लागतो.

कपाचं म्हणाल तर फ्रेंच आटे ३५ × १ मिमी, दोन्ही बाजू सरळ आट्यांच्या. म्हणजे उजवा कपही घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो. स्विस पद्धतही ३५ × १ च, पण तिचा उजवा कप उलट्या आट्यांचा. मोटोबेकान या दुसर्‍या फ्रेंच कंपनीच्या सायकलींमध्ये स्विस आटे बरेचदा भेटतात, प्यूजोत सहसा फ्रेंच. ऐंशीच्या दशकात सगळेच हळूहळू इंग्लिश मापाकडे वळले, तेव्हा मोजल्याशिवाय काही मागवू नका.

मोजायला गेज नसेल तर साधा एम-६ बोल्ट घ्या. त्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) बरोबर १ मिमी. काढलेल्या डाव्या कपाच्या आट्यांवर तो आडवा टेकवून उजेडासमोर धरा. आटे एकमेकांत गच्च बसले तर कप मेट्रिक. इंग्लिश कपाला इंचात २४ आटे, पिच १.०५८, तिथे चार-पाच आट्यांनंतर फट दिसते. व्यासावर भरवसा नको, ३४.८ आणि ३५ मधला फरक झिजलेल्या कपावर कळत नाही.

कानस
उजवा कप काढायलाच हवा असं कुठे आहे? टॉर्च मारून आत बघा, बॉलपेनचं टोक छर्‍यांच्या वाटेवरून फिरवा. अडखळत नसेल तर तो तिथेच पुसा आणि ग्रीस भरा.

काढायचाच असेल तर त्याच्या भोकातून जाडसा बोल्ट घाला, डोकं आतून, वॉशर आणि नट बाहेरून, कप मधे आवळून धरा आणि नट फिरवा. इंग्लिश कप उलट्या आट्यांचा असल्यामुळे नट आवळत जातो तसा कपच सुटतो. फ्रेंच कपाला उलट: आधी नटच ढिला होईल. म्हणून वर दुसरा नट घालून दोन्ही एकमेकांवर लॉक करा. परत बसवताना मात्र हीच युक्ती तुमच्या बाजूने काम करते, आणि बसवायचाही तसाच गच्च. सरळ आट्यांचा उजवा कप पेडल मारून मारून ढिला होतो, फ्रेंच बीबीचं हे जुनं दुखणं.

स्टेम: फ्रेंच माप २२.० मिमी. तुमच्याकडचा २२.२ चा स्टेम अॅल्युमिनियमचा असेल तर १२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी गुंडाळून नळीत जाणारा भाग घासा. व्यास ०.२ ने कमी करायचाय, म्हणजे प्रत्येक बाजूने जेमतेम ०.१. दर थोड्या वेळाने तीन ठिकाणी व्हर्नियर लावा, नाहीतर तो लंबगोल होतो. हातोडीने ठोकून बसवू नका, पुन्हा निघणार नाही. चीर गेलेला स्टेम आजच फेका.
आणि हँडल मोजा. फ्रेंच हँडल मधे २५.० मिमीचं असतं. २५.४ च्या स्टेममध्ये पातळ पत्र्याची पट्टी घालून भागतं, २६.० चा स्टेम घेऊ नका, इतकी फट पट्टीने भरायची नसते.

ल्योंकर
एम-६ चे आटे कपाशी बरोबर जुळले. उजवा कप गुळगुळीत आहे, राहू देतो. डिरेलरचं काय करू?

आटेदार
फ्रेमचं भोक बघा. सिम्प्लेक्स या फ्रेंच डिरेलरच्या पद्धतीच्या कानाला (फ्रेमचा डिरेलर अडकवायचा भाग) आटे नसतात, भोक साधारण ९ मिमीचं. त्यात १० × १ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारला की आजचं कुठलंही साधं डिरेलर बसतं. टॅप सरळ धरा, तेल घाला, अर्धा फेरा पुढे, पाव मागे. डिरेलर टेकून अडकण्याची पायरी कानावर योग्य जागी नसेल तर मागून कानशीने छोटी खाच करावी लागते, साधारण सात वाजण्याच्या जागी.

शोधायला 'लबॉंक्वां' या जुन्या वस्तूंच्या जाहिरातींच्या साइटवर फ्रेंचमधूनच शब्द टाका: कॉटरला 'क्लाव्हेत', कपाला 'क्युव्हेत', स्टेमला 'पोतॉन्स'. शब्दापुढे माप लिहा. 'लरो सिक्लाज' या सायकल-दुरुस्तीच्या जाळ्यातल्या कार्यशाळांमध्ये भंगार सायकलींच्या सुट्या भागांचे खोके असतात. तिथे जाताना वाकलेली कॉटर आणि जुना कप खिशात घालून न्या. सुटा कप नाही मिळाला तर त्याच काळातली भंगार प्यूजो शोधून आख्खी बीबी काढून घ्या.

कानस
कॉटर घेताना चार घ्या. नवीचा उतार एक्सलच्या खाचेशी क्वचितच पहिल्या फटक्यात जुळतो, थोडी कानस लागतेच. एखादी त्यात वाया जाते. दोन्ही कॉटर एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर क्रँक एका रेषेत येत नाहीत. ठोकायचीच वेळ आली तर क्रँकखाली नळीचा तुकडा जमिनीपर्यंत टेकवा, नाहीतर घाव छर्‍यांवर जातो आणि नव्या कपातही खड्डे. नट हा कॉटर ओढून घेण्यासाठी नसतो, बसलेली धरून ठेवण्यासाठी असतो. पन्नासेक किलोमीटर चालवून पुन्हा एकदा आवळा.

छर्रे पाव इंची, ६.३५ मिमी, एका बाजूला ११. सगळे नवेच टाका. जुन्यात चार नवे मिसळले तर भार त्या चारांवरच येतो.