प्रादेशिक विमानतळांमधला प्रवासवेळ: अंतर भागिले वेग, एवढंच?

धागाकर्ता:
दोन लहान विमानतळांमधलं हवाई अंतर शोधलं की सोबत 'उड्डाणाचा वेळ'ही मिळतो. तो काढायची रीत बहुधा एकच असते. पृथ्वीच्या गोलाईवरून सर्वात कमी अंतर मोजायचं आणि जेटच्या ताशी आठशे-सव्वाआठशे किमी वेगाने भागायचं. ३०० किमीला २२ मिनिटं! माझं स्पष्ट मत आहे की प्रादेशिक मार्गांसाठी हा आकडा दाखवूच नये. तिथे बऱ्याचदा एटीआर ७२ सारखं टर्बोप्रॉप, म्हणजे पंख्यावर चालणारं विमान उडतं, ताशी ५०० किमीच्या आसपास. म्हणजे झाली ३६ मिनिटं, आणि तीही पूर्ण वेगात, सरळ रेषेत गेलं तर.

नकाशावेडा:
असहमत. अंतर कायम तेच राहतं. विमान, वारा, गर्दी रोज बदलते. जे बदलतं ते वेळापत्रकात बघावं. आणि वेळापत्रक तरी कुठे इतकं चोख असतं? उशीर दिसू नये म्हणून कंपन्या त्यात थोडी जादा मिनिटं धरूनच ठेवतात.

धागाकर्ता:
धरू देत की. चाकांचे ठोकळे काढल्यापासून ते पुन्हा लावेपर्यंतचा तो वेळ, म्हणजे ब्लॉक टाइम, प्रवासी खरोखर खुर्चीत बसून काढतो. लहान विमानतळांवर अनेकदा धावपट्टीला समांतर टॅक्सीवे, म्हणजे विमानाला टोकापर्यंत न्यायचा वेगळा रस्ता, नसतो. विमान धावपट्टीवरूनच हळूहळू टोकापर्यंत जातं, तिथे पूर्ण वळतं आणि मग उड्डाण घेतं. तोवर उतरायला आलेलं दुसरं विमान वर घिरट्या घालतं. उड्डाण वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने करायचं असतं, म्हणजे कधीकधी मुक्कामाकडे पाठ करून निघायचं आणि मग वळायचं. लांबच्या प्रवासात ही दहा-पंधरा मिनिटं जाणवत नाहीत, ३०० किमीत मात्र सगळा हिशेबच बदलतो.

वाराशोधक:
धागाकर्त्याला +१. जाताना समोरून आणि येताना मागून वारा असला की फिटंफाट होते, असं अनेकांना वाटतं. तसं होत नाही. ५०० च्या वेगाला १०० किमीचा वारा धरा: जाताना ४५ मिनिटं, येताना ३०, एकूण ७५. वारा नसताना ७२. उलट्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून.

नकाशावेडा:
गणित मान्य, निष्कर्ष अमान्य. मला अंतर लागतं ते तुलनेसाठी. दोन गावं रस्त्याने डोंगराला वळसा घालून ४०० किमी आणि हवेतून १५० असतील, तर तिथे विमानसेवेला अर्थ आहे हे मला त्या एका आकड्यावरून कळतं. ब्लॉक टाइममधून हे कळणार नाही.

बेटवासी:
स्कॉटलंडच्या ऑर्कनी बेटांमधलं उदाहरण बघा. वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे अंतर अवघं २.७ किमी, वेळापत्रकात सुमारे दोन मिनिटं. वेगाने भागलंत तर सेकंद येतील. ते विमान का चालतं हे अंतरही सांगत नाही आणि वेळही. मध्ये समुद्र आहे, एवढं पाहिलं की कळतं.

धागाकर्ता:
बरोबर, म्हणून अंतर जरूर ठेवा. माझा आक्षेप त्याच्या शेजारच्या २२ मिनिटांना आहे. त्यावर विसंबून कुणी पुढचं विमान तासाभराच्या फरकाने घेतलं, तर ते चुकणारच.

नकाशावेडा:
पुढचं विमान घेणाऱ्याने वेळापत्रक न बघता तिकीट काढूच नये. आकडा राहू द्या, फक्त त्याच्याशेजारी 'जेटच्या वेगाने, हवेतला वेळ' असं लिहा.