ऐन जवानीत नागीण निघाली होती का कोणाले? अनुभव लिहा

धुऱ्यावरचा
आज पानठेल्यावर ऐकलं, आमच्या गल्लीतल्या एका पोट्ट्याले नागीण निघाली अन् घरचे त्याले दवाखाना सोडून बाजूच्या गावात उतरवाले घेऊन गेले. माह्या बरगडीतली जुनी जागा ठणकली राजेहो. मले निघाली तवा मी २६ चा. सोयाबीनची सोंगणी, दिवसा थ्रेशर, रात्री वावरात जागल, झोपेचा पत्ता नाही. पहिले नुसती आग, डाव्या बरगडीखाली, वरून काहीच दिसे नाही, पण बनियान घासली तरी जीव जाये. मले वाटलं हार्टचं हाय, बाबा म्हणे लचक भरली, आईनं बाम चोळला, मंग त् विचारूच नका. दोन-तीन दिवसानं फोडं आले, पाठीपासून छातीपर्यंत पट्टा, बरोबर अर्ध्या अंगावर. डॉक्टरनं शर्ट वर केला अन् पहिलाच प्रश्न, लहानपणी कांजण्या झाल्या होत्या का? झाल्या होत्या, चौथीत असताना. म्हणे तोच विषाणू नसेच्या मुळाशी दडून राहते, अंगातली ताकद खचली की त्याच नसेच्या रस्त्यानं कातडीवर येते. असायक्लोव्हिर ८०० ची गोळी, दिवसातून पाच वेळा, सात दिवस. फोडं वाळले, खपल्या पडल्या, पण आग पार तुरी सोंगेपर्यंत होती. तुमचं लिहा. गोळ्या, पथ्य, झाडफूक, सगळं चालते.

मिरचीभाकर
पाच वेळा गोळी 😄 आमच्या घरी तेवढ्या वेळा चहा पण होत नाही

वेचणीवाली
मला कपाळावर निघालेली, लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सासूबाई म्हणे गांधीलमाशी चावली असन. डोकं इतकं दुखे की कंगवा लावता येईना. मग नाकाच्या शेंड्यावर एक फोड आला, एकच, बारीकसा. आरोग्य केंद्रातल्या मॅडमनी बाकी कपाळ सोडून तो फोड पाहिला अन् म्हणाल्या आजच्या आज डोळ्याच्या डॉक्टरकडे जा, नाकावर आली म्हणजे डोळ्यात उतरू शकते. ह्यांनी कापसाची गाडी तशीच जिनिंगवर सोडली अन् मोटरसायकलवर मला यवतमाळला नेलं. डोळा वाचला. भुवईवर व्रण आहे अजून, फोटोत दिसतो.

बसस्टँडवाला
आमची बुढी रोज सकाळी सुतळी घेऊन माप घ्यायची, नागीण कुठवर आली म्हणून. तोंड अन् शेपूट जुळलं की माणूस खलास असं तिचं पक्कं गणित. मी कमरेत सुतळी घेऊन उभा, अन् दारात पोट्टे पाहून राहिले 😂

धुऱ्यावरचा
@बसस्टँडवाला डाव्या-उजव्या बाजूच्या नसा येगळ्या असते, म्हणून पट्टा मधातच थांबते. बुढीले सांग सुतळी वाचली.

बसस्टँडवाला
सांगतलं. म्हणे मी मोजत होतो म्हणून थांबली.

गावची_आशा
जेवण करत करत लिहून राहिली, चुकलं तर समजून घ्या. फोड दिसल्यापासून ७२ तासाच्या आत गोळी सुरू झाली तर फायदा जास्त, म्हणून उतरवाले जायचं तर जा पण गोळी अगोदर घ्या बापा. अन् फोडावर गेरू नका फासू. मागं एका पोराला नेलं तर डॉक्टरला काही दिसेच ना, सगळा गेरू ओल्या कापसानं पुसावा लागला, पोरगं कोकललं. फोडातलं पाणी वाहते तोवर गरोदर बाया, तान्हे लेकरं, ज्याइले कांजण्या झाल्या नाहीत ते, यांच्यापासून दूर राहा. त्याइले नागीण नाही होत, कांजण्या होऊ शकते.

तुरीचं_वरण
उतरवणाऱ्याचं काम कधीच फेल जात नाही राव, दोन-चार आठवड्यात खपल्या बहुतेकाच्या पडतेच. नारळ त्याचा, नाव त्याचं.

माह्यं वेगळंच झालं. वय कमी म्हणून डॉक्टरनं शुगर अन् एचआयव्हीची टेस्ट लिहून देल्ली. लॅबवाला आमच्याच गावचा. संध्याकाळी पारावर चर्चा, अन् घरी माह्या सोयरिकीची बोलणी चालू! रिपोर्ट निगेटिव्ह आला तर आईनं त्याची झेरॉक्स काढून पर्समधी ठेवली, कोणी विचारलं की दाखवाले. सोयरीक तरी मोडली, पण ती हुंड्यावरून.

वेचणीवाली
@तुरीचं_वरण बरंच झालं मोडली ते 🙏

गावची_आशा
टेस्ट घाबरायची गोष्ट नाही हो, जवान माणसाला निघाली की बरेच डॉक्टर लिहून देतात. अंगातली ताकद कशानं कमी झाली ते पाहाले.

मिरचीभाकर
माह्या भावाले फोडं गेल्यावर चार-पाच महिने कमरेत करंट मारे. प्रीगॅबालिन चालू होती, दुखणं कमी झालं पण झोप अशी की दुपारी डवऱ्यावर उभ्या उभ्या डुलक्या. डॉक्टरनं ट्रॅक्टर बंद केला, गोळी फक्त रात्री. पथ्य तर बुढ्यानं असं लावलं, वांगं बंद अंडं बंद तेल बंद, डॉक्टरनं तसलं काहीच सांगतलं नव्हतं, अन् पोळ्याले घरी सावजी मटण शिजलं, हा बिचारा वरणभात खाऊन राहिला

तुरीचं_वरण
पोळ्याले मटण? कराले, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करतात ना, पोळ्याले नाही

मिरचीभाकर
करच म्हणायचं होतं बाप्पा, मोबाईलवर टाईप करून राहिलो, त्यात लाईन गेली

सांजवात
लस आली ना आता? आईले द्यायची का विचार चालू आहे.

गावची_आशा
ताई, २०२३ पासून आपल्याकडं मिळते. पन्नाशीच्या वरच्यांसाठी, अन् त्याखाली ज्यांची प्रतिकारशक्ती कमी आहे त्यांच्यासाठी. दोन डोस. आपल्या केंद्रात नसते, खासगीत घ्यावी लागते, महाग आहे. आईची शुगर-बीपीची फाईल घेऊन जाजा.

धुऱ्यावरचा
आत्ता त्या पोट्ट्याच्या बापाले फोन केला. म्हणे उद्या सकाळच्या एसटीनं नेतो. म्हटलं उद्या काऊन, माही गाडी घेऊन जा, पेट्रोल हाय. गेले दोघं.

बसस्टँडवाला
एक नंबर भाऊ

तुरीचं_वरण
थ्रेशरवरून आठवलं, तुरीले थ्रेशर पाहिजे होता आमच्याकडं. कोणाचा मोकळा हाय का आठवड्यात? भाव पोत्यावर घेतात का तासावर?

मिरचीभाकर
पोत्यावर. पण मजूर तुह्या घरचे, हे अगोदरच बोलून घेजो.