मदत हवी आहे : बामणोली–वासोटा एका दिवसात, सोबत ६८ वर्षांचे वडील आणि ११ वर्षांचा मुलगा

कृष्णाकाठ :
नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही चौघे सांगलीहून निघतोय, शनिवार-रविवार टाळून. बेत असा आहे : पहाटे गाडी काढायची, सातारा, कास करत कोयना जलाशयाकाठचं बामणोली, तिथून लाँचने वासोटा किल्ला, जमलं तर नागेश्वरचं महादेवस्थान, आणि रात्री घरी. वडिलांचे गुडघे दुखतात, सपाटीला दोनेक किलोमीटर चालतात. त्यांना कोयनेचं खोरं बघायची फार इच्छा आहे. दोन्ही ठिकाणं एका दिवसात होतील का? परवानगी कुठे काढायची?

रानवाट :
दोन्ही होणार नाहीत. नागेश्वर सोडा, आणि मुक्काम आदल्या रात्री बामणोलीत किंवा कासच्या आसपास करा. सांगलीहून बामणोलीपर्यंत गाडीचे चार तास धरा, म्हणजे परवानगी आणि लाँच ठरवण्याचा वेळ धरून पहाटे तीनला निघावं लागेल आणि चालवणारा संध्याकाळी परत घाटात असेल. तसं करू नका.

दिवसाचं गणित उलटं मांडा. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि लाँच त्याआधी बामणोलीला लागली पाहिजे. पाण्यातून दीड तास, म्हणजे चारला गडाखालच्या मेट इंदवलीच्या काठावर हजर. उतरायला दोन तास, गडावर एक तास, चढायला मुलासोबत अडीच तास. म्हणजे साडेदहाला चालायला सुरुवात हवी. त्याआधी वनखात्याच्या चौकीवर तपासणीचा अर्धा तास, त्याआधी पुन्हा दीड तास लाँच. साडेआठला धक्का सुटला नाही, तर गडावरचा वेळच कापला जातो. गड कोयना अभयारण्यात आहे, आत मुक्काम करता येत नाही, त्यामुळे उशीर कुठेच भरून निघत नाही.

परवानगी बामणोलीतल्या वनखात्याच्या कार्यालयात मिळते. सगळ्यांची ओळखपत्रं ठेवा. लाँच माणशी नसते, पूर्ण ठरवावी लागते. चौघांना महाग पडेल, सकाळी धक्क्यावर दुसरा गट भेटला तर वाटून घ्या. दर बदलतात, तिथला फलक बघा. चौकीवर प्लास्टिक मोजून अनामत घेतात आणि परतताना तेवढंच दाखवावं लागतं. स्टीलच्या बाटल्या आणि कापडात बांधलेल्या भाकऱ्या नेल्या तर हा वेळ वाचतो. पेट्रोल साताऱ्यातच भरा.

घाटमाथा :
वडिलांना चढायला लावू नका. चढापेक्षा उतार गुडघ्यांना वाईट, दाट रानात पालापाचोळ्याखाली दगड हलतात. मेट इंदवलीला बसवून ठेवणंही बरं नाही : सहा तास, मोबाइलला रेंज नाही, आणि ते गव्या-अस्वलांचं रान आहे. त्यांच्यासाठी दुसऱ्या दिवशी फक्त लाँचची फेरी ठेवा. बामणोलीहून वर तापोळ्याच्या बाजूला कोयना, सोळशी आणि कांदाटीचं पाणी एकत्र येतं. शिवसागराचा, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयाचा, पसारा तिथे खरा कळतो. गडापेक्षा खोरं बघायचं असेल तर ही फेरीच जास्त मोलाची, असं माझं मत. वासोट्याच्या दिवशी एका मोठ्या माणसाने त्यांच्यासोबत बामणोलीत थांबावं.

गडावर काय बघायचं तेही सांगतो, कारण एका तासात लोक फोटो काढूनच परततात. मेट म्हणजे गडाखालची चौकी, गावाचं नाव त्यावरूनच. ते गाव आता उठलंय. गडावर छप्पर नसलेला मारुती, पाण्याचं टाकं, महादेवाचं देऊळ, चुना मळायचा घाणा आणि वाड्यांची जोती आहेत. मग बाबुकड्यावर जा. घोड्याच्या नालेच्या आकाराचा कडा सरळ खाली उतरलाय आणि समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा, आपण चढतो तो नवा. जुना वासोटा नव्यापेक्षा उंच आहे, हेच नव्याचं दुखणं. १८१८ च्या एप्रिलमध्ये इंग्रजांनी तिथूनच तोफा डागल्या आणि गड पडला. साताऱ्याच्या छत्रपतींच्या घरातली माणसं दुसऱ्या बाजीरावाने तेव्हा याच गडावर ठेवली होती. त्याआधी पंत प्रतिनिधींच्या बाजूने ताई तेलिणीने पेशव्यांचे सरदार बापू गोखल्यांशी हा गड झुंजवला होता. मुलाला कड्यावर उभं राहून हे सांगा, त्याला चढल्याचं सार्थक वाटेल. जुन्या वासोट्याकडे मात्र वळू नका.

कृष्णाकाठ :
फार उपकार झाले. नागेश्वर बाद. जळवांचं काय करायचं? आणि नोव्हेंबर नाही जमला तर एप्रिल चालेल का?

रानवाट :
पाऊस लांबला असेल तर ओढ्याकाठच्या ओल्या पाल्यात जळवा असतात. लांब मोजे विजारीवर ओढून घ्या आणि मोज्यांना तंबाखूचं पाणी लावा. चिकटलीच तर ओढायची नाही, नखाने तोंडाकडून सरकवायची. जखम थोडा वेळ वाहते, घाबरू नका.

पाणी माणशी तीन लिटर. वाटेतल्या मारुती-गणपतीच्या मूर्तींजवळच्या ओढ्यानंतर थेट गडावरचं टाकंच.

एप्रिल टाळा. धरणातलं पाणी वीजनिर्मितीला आणि शेतीला जाऊन काठ खूप मागे सरकलेला असतो. लाँच काठापासून लांब थांबते आणि गाळातून चालावं लागतं. गाळ वरून वाळलेला दिसतो, पण पाय आत जातो. त्यात अर्धा तास जातो, आणि तो वरच्या हिशोबात कुठेच नाही. नोव्हेंबर हुकला तर डिसेंबर-जानेवारी धरा. फेब्रुवारी-मार्चवर गेलं तर महाशिवरात्रीचे दिवस नको. तेव्हा नागेश्वरला कोकणातून आणि साताऱ्याकडून दोन्हीकडून भाविक येतात आणि लाँच मिळणं अवघड होतं.