मदत हवी आहे: वळिवडे कॅम्पातल्या फोटोमागचं 'नोवाक' आडनाव

नमस्कार मंडळी,

आजोबांची पत्र्याची पेटी गेल्या महिन्यात उघडली, त्यात एक फोटो निघाला. चौदा-पंधरा वर्षांची, दोन वेण्या घातलेली गोरी मुलगी बराकीच्या दारात उभी आहे. मागे शाईने रोमन लिपीत 'झ. नोवाकुव्ना, वळिवडे, १९४६' असं लिहिलंय. आजोबा तेव्हा कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या, दुसऱ्या महायुद्धातल्या पोलिश निर्वासितांच्या कॅम्पात दुधाचा रतीब घालायचे. एका घरानं जाताना आठवण म्हणून फोटो दिला, एवढंच ते सांगायचे. आता विचारायला ते नाहीत.

मला त्या मुलीचं मूळ गाव शोधायचंय. शक्य झालं तर फोटो तिच्या घरच्यांपर्यंत पोचवायचाय.

मी 'नोवाकुव्ना' हेच आडनाव समजून बरेच दिवस शोधत राहिले. मग कळलं की आडनाव 'नोवाक'. 'उव्ना' म्हणजे त्या घरची अविवाहित मुलगी. नोवाकची बायको 'नोवाकोवा'. ही जुनी पद्धत आता मागे पडली आहे, आणि आज बाई असो की पुरुष, दोघंही नोवाकच.

आणि नोवाक हे पोलंडमधलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव! सुमारे २ लाख माणसं. 'नोवी' म्हणजे नवा (आपल्या 'नवा'चंच भावंड), नोवाक म्हणजे गावात नव्यानं आलेला. असा उपरा गावोगाव असणारच, त्यामुळे हे आडनाव एका मूळपुरुषाचं नाही, ठिकठिकाणी वेगवेगळं पडलं. चेक लोकांत आणि स्लोव्हेनियातही नोवाकच पहिल्या क्रमांकावर आहे. 'स्की'वाली बरीच आडनावं आपल्या 'कर'सारखी गावावरून आलेली, त्यातून निदान काही धागा मिळतो. इथे तोही नाही.

नोवाक पोझनानच्या बाजूला, व्येल्कोपोल्स्कात, फार दाट आहेत असं वाचलं. मग तिथल्या चर्चच्या नोंदींपासून सुरुवात करू का? आणि नुसत्या 'झ'वरून माणूस सापडेल का?

प्रतिसाद १

पोझनानपासून सुरुवात करू नका. वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात जे सुमारे ५ हजार पोलिश लोक राहिले, ते बहुतेक पूर्व सीमेवरचे. तो भाग आज युक्रेन, बेलारूस, लिथुआनियात आहे. सोव्हिएतांनी त्यांना उचलून सायबेरिया, कझाकस्तानात नेलं; तिथून सुटल्यावर ते भारतात आले. १० फेब्रुवारी १९४०च्या हद्दपारीच्या पहिल्या फेरीत प्रामुख्यानं 'ओसादनिक' आणि वनरक्षकांची कुटुंबं होती. ओसादनिक म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर पूर्वेला जमीन मिळालेले वसाहतदार, त्यांत माजी सैनिक पुष्कळ. घराणं मूळचं पोझनानचं आणि मुलगी पूर्वेच्या वोल्हिनियात (आज युक्रेनमध्ये) जन्मलेली, असं सहज असू शकतं. म्हणजे खुद्द नोवाकच पुन्हा एकदा नव्या गावात 'नवे' झाले.

म्हणून आधी कॅम्पाकडून मागे जा. वॉर्साच्या 'कार्ता' केंद्रानं सुरू केलेली सोव्हिएत दडपशाहीग्रस्तांची सूची ऑनलाइन आहे. तिच्यात वडिलांचं नाव आणि जन्मवर्ष बऱ्याचदा दिलेलं असतं. 'झ' आणि १९३०-३२ एवढ्यावर चाळा. झोफिया असेल, झ्जिस्वावा असेल. तिथे नोवाकुव्ना नाही, नोवाक लिहा. पोलिश कागदपत्रं जपणाऱ्या लंडनच्या सिकोर्स्की संस्थेलाही पत्र टाका.

प्रतिसाद २

जन्मनोंद लगेच मिळेल अशी आशा धरू नका. पोलंडमध्ये जन्माची नोंद १०० वर्षं खुली होत नाही, लग्न आणि मृत्यूची ८० वर्षं. बुग नदीपलीकडची, म्हणजे त्या जुन्या पूर्व भागातली, जी रजिस्टरं वाचली, त्यांतली बरीच वॉर्सात आहेत, पण सगळ्या गावांची नाहीत. त्याआधी भारतात राहिलेल्या पोलिश लोकांची संघटना आहे, त्यांना फोटो दाखवा. कॅम्पातली मुलं एकमेकांना चेहऱ्यानं ओळखत. अशा गर्दीच्या आडनावाला कागदापेक्षा माणूस लवकर सापडतो. कोल्हापुरात महावीर उद्यानातलं स्मारक पाहिलंत का? जुने कॅम्पवासी आले की तिथे जातात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. पोझनानला लिहिलेला मेल पाठवलेला नाही, बरं झालं. फोटोमागे खाली पेन्सिलीनं आणखी एक पुसट शब्द आहे, तो मी शाईचा डाग समजत होते. तिरप्या उजेडात पहिलं अक्षर 'ल' वाटतंय, गावाचं नाव असेल का? उद्या स्कॅन करून इथेच टाकते. पोलिश हस्ताक्षर वाचता येणाऱ्यांनी कृपया बघा.