जॉइंचरला मराठीत काय म्हणावं? (पोटगी सोडून)

वाटसरू१६: सर राल्फ व्हर्नी (१६१३–१६९६) या बकिंगहॅमशरच्या जमीनदार खासदाराच्या घराण्यावरचा मजकूर मराठीत आणतोय. संपादकांनी 'जॉइंचर'ला सरसकट 'पोटगी' केलंय. पोटगी म्हटलं की वाचकाला घटस्फोट दिसतो. इथे संसार नीट चाललाय. लग्नाच्या वेळीच दस्त झालाय, की नवरा आधी गेला तर अमुक जमिनीचं उत्पन्न बायकोला तहहयात. दुसरा शब्द आहे का?

सनदशीर: 'हुंडा' हा 'पोर्शन'ला राखून ठेवा. तो मुलीकडून येतो, बहुधा मुलाच्या बापाच्या हाती पडतो. जॉइंचर उलट्या दिशेने जाते. सतराव्या शतकाअखेर साधारण भाव होता हजार पौंड पोर्शनमागे वर्षाला शंभर. 'वैधव्यवेतन' म्हणा.

कोशकीटक: वैधव्यवेतन! तहसील कचेरीत अर्ज भरायला निघाल्यासारखं वाटतं. 'अन्नवस्त्र' हा घरचा शब्द असताना कशाला?

सनदशीर: अन्नवस्त्र घराच्या ऐपतीवर आणि गरजेवर ठरतं. जॉइंचरला गरजेशी काही देणंघेणं नाही. शिवाय इंग्लंडच्या १५३६च्या कायद्याने लग्नाआधी जॉइंचर ठरली असेल तर विधवेचा 'डॉवर', म्हणजे नवऱ्याच्या जमिनीतला तिसरा हिस्सा हयातभर, बुडतो. लग्नानंतर ठरली असेल तर दोहोंपैकी एक निवडायची तिला मुभा. अन्नवस्त्रात हे कुठे बसवणार?

चावडीवरून: चोळीबांगडी?

कोशकीटक: ती हयात नवऱ्याच्या बायकोची, 'पिन मनी'ला, म्हणजे तिच्या हातखर्चाला, फिट्ट. विधवेच्या उत्पन्नाला चोळीबांगडी म्हणालात तर जुन्या वाचकाचा घास अडकेल.

चावडीवरून: मग पेशवाईतली 'नेमणूक', म्हणजे ठरीव रक्कम. 'हयातीची नेमणूक'.

वाटसरू१६: आज नेमणूक म्हटलं की नोकरीच डोळ्यांपुढे येते. तरी टिपून ठेवतो.

रुमालबंद: व्हर्नींच्या बाबतीत जॉइंचरपेक्षा मोठी अडचण 'सिक्वेस्ट्रेशन'ची, म्हणजे यादवीत पार्लमेंटने इस्टेट अडकवून ठेवण्याची, आहे. राल्फची बायको मेरी ब्लॅकनॉल ही अनाथ वारस, कोर्ट ऑफ वॉर्ड्सच्या (अज्ञान वारसांवर देखरेख करणाऱ्या राजाच्या कोर्टाच्या) ताब्यातली. १६२९ साली लग्न झालं तेव्हा ती १३ची, तो १५चा. राल्फचा बाप सर एडमंड राजाचा निशाणबरदार, राजा-पार्लमेंट यादवीत १६४२ला एजहिलच्या लढाईत पडला, प्रेतही मिळालं नाही. राल्फ पार्लमेंटच्या बाजूचा, पण १६४३च्या 'कव्हनंट'वर (पार्लमेंटने स्कॉटलंडशी केलेल्या धार्मिक शपथ-करारावर) सही करीना आणि फ्रान्समध्ये ब्लुआला जाऊन राहिला. सदस्यत्व गेलं, क्लेडनची घराण्याची इस्टेट अडकली. १६४६च्या अखेरीस ती सोडवायला मेरी एकटी इंग्लंडला आली. तिला आधी जिल्हा समितीकडून दाखला हवा होता, की इस्टेट अडकवायला राल्फच्या गैरहजेरीखेरीज दुसरं कारण नाही. तो असला तरच लंडनच्या समितीपुढे प्रकरण चालणार. जानेवारी १६४८ला इस्टेट मोकळी झाली. मधल्या काळात क्लेडनला मुलगा झाला, तोही गेला आणि ब्लुआला मुलगीही. १६५०ला ब्लुआलाच मेरी वारली, म्हणजे विधवा-हक्काचा प्रश्न तिच्यापुरता उरलाच नाही. तर सिक्वेस्ट्रेशनला 'जप्ती' की 'टाच'?

सनदशीर: 'समपहरण'. संस्कृत, स्वच्छ, कायद्यात रुळलेलं.

रुमालबंद: समपहरणात मालकी जाते. इथे मालकी राल्फचीच, फक्त खंड समिती वसूल करते. त्यातला पाचवा हिस्सा बायकामुलांना मागता येई, तोही अर्ज करून. मालकी गेली असती तर मेरी काय सोडवायला आली होती?

चावडीवरून: मग जप्तीच. पेशवाईत जप्त महालावर कमाविसदार बसायचा, हिशेब ठेवायचा, पुढे 'जप्ती मोकळी' व्हायची. कायमचं काढून घ्यायचं तर 'खालसा'.

सनदशीर: फारसी-अरबीच हवं असेल तर बोलायलाच नको.

कोशकीटक: 'दस्त', 'तहहयात', 'हिस्सा' काढून टाका आणि हा धागा पुन्हा लिहून दाखवा. कायदा शब्दासकट.

वाटसरू१६: 'जहागीर' शब्दावरही खल व्हावा. संपादक म्हणतात क्लेडनची जहागीर.

रुमालबंद: अजिबात नको. जहागीर चाकरीपोटी मिळते. क्लेडन व्हर्नींच्या मालकीचं, पण लांब मुदतीच्या पट्ट्याने गिफर्ड घराण्याकडे होतं. सर एडमंडने तो पट्टा १६२०ला पैसे मोजून परत घेतला, मग स्वतः राहायला गेला. 'इस्टेट' ठेवा. 'सर व्हर्नी'ही नको, 'सर राल्फ' हवं. तो १६४१ला नाईट झाला, १६६१ला बॅरोनेट. बॅरोनेटकी मुलाकडे जाते, नाईटकी जात नाही.

कोशकीटक: राल्फ तरी का? तेव्हा 'रेफ' असा उच्चार चाले.

चावडीवरून: 'सर रेफ व्हर्नी'! 'व्हर्नी'त रेफ आधीच आहे.

वाटसरू१६: सर राल्फची थोरली सून मेरी एबल राहिलीच. ईस्ट क्लेडनची वारस, लग्न १६६२, पुढे वेड लागलं. नवरा एडमंड १६८८ला गेला, ती १७१५पर्यंत जगली. म्हणून तर मला जॉइंचरला शब्द हवाय.

कोशकीटक: वेड लागलेल्या वारसदारणीची देखरेख करणाऱ्याला आधी शब्द शोधा. सातबाऱ्यावर अज्ञानासाठी 'अ.पा.क.' (अज्ञान पालन कर्ता) असतं, वेडासाठी काय?

सनदशीर: 'व्यवस्थापक' चालेल.

चावडीवरून: वेड लागलेल्या बाईचा 'व्यवस्थापक' म्हटलं की बँकच आठवते. 'वहिवाटदार' म्हणा.