पीएस५साठी सबस्क्रिप्शन घ्यावं की सुटे गेम?

नाशिकची_आई
मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीत घरी पीएस५ (सोनीचं गेम खेळायचं मशीन) आला, डिस्कवाला. मुलगा सातवीत, मुलगी तिसरीत, आणि नवऱ्याचं वय विचारू नका. मुलगा प्लस एक्स्ट्राचं (प्लस म्हणजे सोनीची वर्गणीची सेवा, एक्स्ट्रा त्यातला वरचा प्लॅन) वर्षाचं सबस्क्रिप्शन मागतोय, "आई, शेकडो गेम मिळतात." नवरा म्हणतो, भाड्याचं कशाला, विकत घेऊ. पण नवीन मोठा गेम पाच हजारांच्या आसपास पडतो! दोघांच्या मध्ये मी.

अर्धवट_गेमर
ताई, आधी मुलाला विचारा, खेळायचं काय आहे. फोर्टनाइट, रॉकेट लीग असेल तर दोन्ही फुकट आहेत आणि ऑनलाइन खेळायला प्लस लागत नाही. एफसीसारखा (फुटबॉलचा) विकतचा गेम ऑनलाइन खेळायचा असेल तर प्लस लागतं, पण त्याला सगळ्यात खालचं इसेन्शियल पुरतं. शेकडो गेमांचा कॅटलॉग एक्स्ट्रापासून वर. त्यातले गेम मधूनच काढूनही टाकतात, हे पोरं सांगत नाहीत.
आणि एकाच खात्यावर घ्या. सेटिंगमध्ये कन्सोल शेअरिंग चालू असलं की त्या मशीनवर घरातल्या सगळ्यांना चालतं.

रविवारचा_राजा
वर्षाचं अजिबात नको. आम्ही मागच्या मे महिन्यात एकच महिना घेतला होता. फ्रिजवर कागद चिकटवला, जो गेम खेळाल त्यापुढे रेघ मारा म्हटलं. पोरांनी तेवीस गेम उतरवले. मशीन भरलं, म्हणून काही उडवले, पुन्हा उतरवले. महिनाअखेरीस कागदावर पाचच्या वर रेघा असलेले गेम किती? तीन! बाकीचे नुसतं ताटात वाढून घेऊन टाकलेले.
मग त्या तीन गेमच्या सेकंडहँड डिस्क शोधल्या. इट टेक्स टू तर दोघांशिवाय खेळताच येत नाही, त्यामुळे भावंडांनी भांडत भांडत का होईना, एकत्र संपवला. संपल्यावर डिस्क विकून टाकली. डाउनलोड घेतलेला गेम असा विकता येत नाही.

घाटावरची
+१. फक्त ऑटो-रिन्यू (मुदत संपली की आपोआप पुन्हा पैसे कापणं) घेतल्या दिवशीच बंद करा. आमचे वर्षाचे पैसे परस्पर कापले गेले. पंधरा हजारांच्या आतल्या ऑटो-पेमेंटला दरवेळी ओटीपी लागत नाही. आदल्या दिवशी बँकेचा मेसेज येतो, आलाही होता, ऑफर्सच्या ढिगात गेला. चूक माझीच, पण बोलणी नवऱ्याने खाल्ली.

अर्धवट_गेमर
घरात बरा लॅपटॉप असेल तर स्टीमही (कॉम्प्युटर गेमचं ऑनलाइन दुकान) बघा. २०२४पासून स्टीम फॅमिलीज आहे, सहा जणांपर्यंत एकमेकांचे गेम खेळता येतात. मात्र एक प्रत एकावेळी एकालाच. आवडला नाही तर १४ दिवसांत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर पैसे परत.

नाशिकची_आई
नवरा वाचतोय. म्हणे, "बघ, विकत घेतलेलं आपलं ते आपलं."

रविवारचा_राजा
भाऊजींना सांगा, तेही पूर्ण खरं नाही. युबिसॉफ्ट कंपनीचा द क्रू हा ऑनलाइनवरच चालणारा गेम होता. ३१ मार्च २०२४ला सर्व्हर बंद झाले. ज्यांच्याकडे डिस्क आहे त्यांच्याकडे आता नुसती चकती आहे. घ्यायच्या आधी गेम नेटशिवाय चालतो का ते बघा.

नाशिकची_आई
ठरलं. आत्ता एक डिस्क, आणि परीक्षा संपल्यावर एक महिना एक्स्ट्रा, ऑटो-रिन्यू बंद करून. फ्रिजवरच्या कागदाला मुलाने तोंड वाकडं केलं, तरी चालेल म्हणाला. मुलगी मात्र पीएस५बरोबर आलेला अ‍ॅस्ट्रोज प्लेरूमच खेळतेय. पावसाच्या थेंबांनी कंट्रोलर हातात टपटप थरथरतो, तो भाग रोज एकदा आजीच्या हातात देऊन दाखवते. तिला दुसरं काही नकोय.
नाशकात सेकंडहँड डिस्क कुठे बऱ्या मिळतात? कॉलेज रोडच्या जवळपास असेल तर बरं.